पातळ रक्त आणि पालखीचा खांदा

रत्नागिरीच्या मासळी बाजारात मला पाहिलं की अजूनही दोन-चार जण नकळत शर्टाची बाही वर सरकवायला लागतात. परवा एक गृहस्थ एका हातात बांगड्यांची पिशवी धरून दुसरा हात माझ्यापुढे लांब करून उभेच राहिले. मग भानावर येऊन म्हणाले, "अहो, तुम्ही रिटायर झालात, नाही का!" खोटं कशाला बोलू, माझीही नजर आधी त्यांच्या शिरेवरच गेली होती. नाव नंतर आठवलं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. सगळी नोकरी लोकांना टोचण्यात गेली आणि तरी लोक माझ्याशी बरे वागले, याचं श्रेय माझ्या स्वभावाला कुणीच देणार नाही. श्रेय माझ्या हाताला आहे. शीर सापडत नाही म्हणून तीन ठिकाणी टोचून घेतलेली माणसं आमच्याकडे यायची आणि "संपलं पण?" असं विचारून उठायची. हे मी स्वतःच सांगतेय, कारण आता दुसरं कोण सांगणार?

सगळ्या रक्तांमध्ये माझं लाडकं रक्त म्हणजे गोळीवाल्यांचं. रक्त पातळ करण्याची गोळी घेणारी माणसं. आता, रक्त काही पातळ होत नाही. ते ताक नव्हे, पाणी घालून वाढवायला. गोळीमुळे ते फक्त गोठायला वेळ लावतं. ज्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली असते, ज्यांच्या हृदयाचा ठेका बिघडलेला असतो, ज्यांच्या पायाच्या शिरेत गुठळी झालेली असते, त्यांना ही गोळी देतात. मग ती कमी पडतेय की जास्त होतेय हे बघायला रक्त तपासायचं. निळ्या झाकणाच्या बाटलीत रेघेपर्यंत रक्त घ्यायचं, एक थेंब कमी नाही की जास्त नाही, ते मशीनवर फिरवायचं, वरचं पिवळं पाणी वेगळं करून त्यात औषध टाकायचं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचं. त्यातून एक आकडा निघतो. तुमचा-माझा आकडा एकाच्या आसपास. गोळीवाल्यांचा दोन ते तीनच्या मधे हवा, धातूच्या झडपेला त्याहून थोडा वर. आकडा खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. या दोन भीत्यांच्या मधल्या वाटेवरून ही माणसं वर्षानुवर्षं चालतात आणि वर हसतखेळत चालतात.

मंगळवारी त्यांची गर्दी असायची. बाकावर बसले की एकमेकांना आकडे विचारायचे, शाळेतले मार्क विचारावेत तसे. "माझा अडीच!" "माझा गेल्या खेपेला चार होता, डॉक्टर ओरडले." आणि मग सल्ले सुरू. लसूण खा, लसूण खाऊ नका, गोळी अर्धी करा, माझ्या साडूने तर बंदच केली, काही झालं नाही. त्या बाकाने जेवढी औषधं लिहून दिली तेवढी रत्नागिरीतल्या एकाही डॉक्टरने दिली नसतील. शेवटी सगळे माझ्याकडे वळायचे. "मॅडम, तुम्हीच सांगा." आणि मी सांगायचे नाही. आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा नियम होता, आपण आकडा सांगायचा, गोळी सांगायची नाही. गोळी डॉक्टर सांगतील. हा नियम मी पाळला. पाळताना पुष्कळदा जीभ चावली, तेही खरं.

एक गुरुजी यायचे, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा आकडा वर्षभर शहाण्यासारखा वागायचा आणि भाद्रपदात धाडकन खाली यायचा. डॉक्टर चक्रावले. गोळी वाढवली, तर पुढच्या महिन्यात आकडा वर उडाला. शेवटी एकदा गुरुजींच्या पत्नी बरोबर आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "ऋषीच्या भाजीचं पातेलं यंदा जरा मोठंच झालं." ऋषिपंचमीला आमच्याकडे अळू, माठ, भेंडी, दोडका, असतील नसतील त्या भाज्या एकत्र शिजवतात. उपास त्यांचा आणि भाजीवर ताव गुरुजींचा, तोही उरलेली संपेपर्यंत. हिरव्या पाल्यातलं जीवनसत्त्व या गोळीचा जोर मारतं. हे कळल्यावर गुरुजींनी पालेभाजी सोडूनच दिली. मग आकडा वर गेला तो गेलाच. डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की भाजी सोडायची नाही, रोज सारखी खायची. गुरुजी मला म्हणाले, "म्हणजे भाजीचासुद्धा तास लावायचा!" आणि त्यांनी तो लावला. पत्नीने कधी वाढताना हात सैल सोडला तर ते "एवढी नको, मंगळवार आहे" म्हणायचे.

दुसरे अण्णा, गणपतीपुळ्याच्या रस्त्याला कलमांची बाग असलेले. त्यांच्या हृदयाचा ठेका बिघडलेला होता, झडप मात्र स्वतःची. एक दिवस ते हंगामातल्या पहिल्या हापूसची पेटी घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, तुमचं गिऱ्हाईक गेलं बरं का." त्यांना डॉक्टरांनी नवी गोळी दिली होती, तिला ही दरमहा तपासणी लागत नाही. मी तोंड भरून अभिनंदन केलं, पेटी ठेवून घेतली आणि मनातून थोडी खट्टू झाले. पुढे अशी बरीच माणसं नव्या गोळीवर गेली आणि मंगळवारचा बाक रिकामा होत गेला. त्यांच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण दर महिन्याला हात पुढे करणारा माणूस अचानक येईनासा झाला की तो नव्या गोळीवर गेला की आणखी कुठे गेला, हे आम्हाला कुणी कळवत नसे. ती चुटपुट मला आजही आहे.

अण्णा हे सांगत होते तेव्हा बाकावर यशवंत बसला होता. खरी गोष्ट त्याचीच सांगायची आहे.

यशवंत म्हणजे एसटीने तासाभराच्या अंतरावरच्या गावातला शेतकरी. तरुणपणी मुंबईत एका गोदामात कामाला होता. लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप खराब केलेली, ती तिकडेच बदलली, आणि मग तो गावी परतला. भातशेती, थोडे काजू, आणि तोंडावर कायम हसू. लॅबमध्ये पंखा बंद असला की त्याच्या छातीतली धातूची झडप टिकटिक ऐकू यायची. कुणी दचकून बघितलं की म्हणायचा, "घड्याळ हाय, फक्त टायम दाखवीत नाय."

अण्णांची नवी गोळी ऐकून तो हरखला. "बाय, मला पण तीच सांगा." मी म्हटलं, डॉक्टरांना विचार. त्याने विचारलं आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. धातूच्या झडपेला ती नवी गोळी चालत नाही, जुनीच घ्यावी लागते. "झडप माजी लोखंडाची, गोळी पण जुन्या जमान्याची," म्हणाला आणि पुन्हा हसला.

हे झालं माघात. फाल्गुनात, शिमगा तोंडावर आलेला असताना त्याचं रक्त तपासलं आणि मी मशीनकडे बघतच राहिले. आकडा दीडच्याही खाली. मी पुन्हा तपासलं. तोच. बाहेर येऊन विचारलं, "यशवंत, गोळ्या संपल्या का?"

"नाय बाय. हायत. मीच थांबवलंय. घाबरू नका."

"घाबरू नका? अरे, कुणी सांगितलं थांबवायला?"

मग उलगडा झाला. त्याच्या गावात शिमग्याला देवीची पालखी नाचवतात. चांदीची रूपं, म्हणजे देवांचे मुखवटे, लावलेली जड पालखी, पुढे-मागे खांदेकरी, आणि ढोलावर ती अशी नाचते की बघणाऱ्याचे पाय जागेवर राहत नाहीत. पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या मानाच्या चौथऱ्यावरून उठते तेव्हाचा पुढचा पहिला खांदा यशवंतच्या घराचा. आज्याचा होता, बापाचा होता, आता त्याचा. आदल्या वर्षी गोळी चालू असताना नाचला तर दांड्याखालचा खांदा कोपरापर्यंत काळानिळा झाला. गावात कुणी म्हणालं, देवीचा कोप. बायको, सुनंदा, रडली. म्हणून यंदा पठ्ठ्याने शिमग्याआधी गोळी बंद केली. डाग पडायला नको! शिवाय आधार होता. गावातल्या कुणाचा तरी दात काढताना डॉक्टरांनी ही गोळी चार दिवस थांबवायला सांगितली होती. दातासाठी चालतं तर देवीसाठी का नाही?

"आणि मुंबईचे डॉक्टर?"

"ते फोनवर बोलले, नाचायचाच नाय. तालुक्याचे बोलले, हळू नाचा. हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिलीनी. सगळे डॉक्टरच ना बाय? मग मी त्यातल्या त्यात बरा वाटला त्याचा ऐकला."

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकले होते, की माणूस डॉक्टर निवडत नाही, सल्ला निवडतो, आणि ज्या सल्ल्यात आपली पालखी बसते तोच त्याला शहाणा वाटतो. पण हे बोलायची वेळ नव्हती. असा आकडा आला की लगेच डॉक्टरांना कळवायचं, हेही आमच्या नियमात होतं. हृदयाचे डॉक्टर आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसायचे. मी फोन न करता यशवंतला आणि त्याच्याबरोबर आलेल्या सुनंदाला घेऊन जिना चढले आणि सगळं सांगितलं.

डॉक्टर तरुण, कोल्हापूरकडचे, नुकतेच इकडे आलेले. आकडा बघून उभे राहिले. "नाचायला? एक वर्ष नाही नाचलं तर काय बिघडतंय?"

सुनंदा पटकन म्हणाली, "खांदा जातो, डॉक्टर. यंदा सोडला तर चुलतभावाकडे जाईल, तो मग परत येत नाय."

डॉक्टरांना काही केल्या कळेना, की खांदा कसा जातो. तेव्हा यशवंत उठला. त्याने तपासणीच्या कॉटजवळचं लोखंडी स्टूल उचललं, खांद्यावर घेतलं आणि तिथेच, वजनकाटा आणि तपासणीच्या पडद्याच्या मधल्या जागेत, पालखी नाचवून दाखवली. तोंडाने ढोल. गुडघे वाकवून खाली, एकदम वर, गिरकी, पुन्हा खाली. बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले. एक म्हातारी तर हात जोडून उभी राहिली. डॉक्टर स्टुलाखालच्या त्या खांद्याकडे बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "हे तुम्ही दरवर्षी करता? ही गोळी घेऊन?"

"दरवर्षी. डाग फक्त गेल्या साली पडला," यशवंत धापा टाकत म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला बसवलं, स्वतः समोर बसले. त्यांचं ते बोलणं मला फार आवडलं. म्हणाले, "काका, तुमचा हिशोब अर्धा बरोबर आहे. गोळी थांबवली की डाग पडणार नाही. पण डाग खांद्यावर पडतो, दिसतो, आठ दिवसांत जातो. गोळी थांबवली तर झडपेवर गुठळी धरते. ती दिसत नाही. ती सुटून मेंदूत गेली तर हात जातो, पाय जातो, वाचा जाते. ज्याचा दात काढला त्याला धातूची झडप नसणार. तुम्हाला आहे. गोळी आजपासून चालू, आणि आकडा वर येईपर्यंत पोटात इंजेक्शनं. ती दुखण्याची गोळी मात्र घ्यायची नाही, तिनं रक्त जातं. एवढ्यात घासाघीस नाही. खांद्याचं म्हणाल तर मी नकोच म्हणेन. मार लागला तर आत रक्त साकळेल. पण ते तुम्ही ठरवा."

यशवंत म्हणाला, "देवीला विचारतो."

सुनंदाने माझा हात धरला. "बाय, तुमी या. आकडा तुमी सांगा."

देवीसमोर आकडा सांगायला जाणारी लॅब टेक्निशियन महाराष्ट्रात मी एकटीच असेन. पण गेले. रविवार होता आणि मला खरं तर फार उत्सुकता होती. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीचा कौल देवाला लावतात. गुरव मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यशवंतचा चुलतभाऊ बबनही आला होता, कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा. त्याच्याकडेच खांदा जायचा होता, त्यामुळे सगळे त्याच्याकडे जरा तिरकेच बघत होते.

यशवंतने गुरवाला सांगितलं, "इचार, गोळी बंद ठेवून नाचू काय?"

"थांबा," सुनंदा म्हणाली. देवळात बायका मधे बोलत नाहीत, ती बोलली. "असा नाय इचारायचा. आधी गोळीचा इचारा, मग नाचण्याचा. दोन गोष्टी एका कौलात घालू नका."

डॉक्टर तिथे असते तर त्यांनी टाळी वाजवली असती. गुरवाने मान डोलवली आणि गाऱ्हाणं घातलं, "बाये, तुजा लेकरू यशवंत, त्याच्या छातीत घड्याळ बसवलेला हाय. त्येची गोळी चालू ठेवायची असंल तर उजवी दी, बाये!" "व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले. आणि उजवी कळी इतक्या झटकन पडली की गुरवही चपापला.

सुनंदाने डोळ्यांना पदर लावला. पुन्हा कळ्या लावल्या. "आता खांद्याचा. नाचायचा असंल तर उजवी, नसंल तर डावी."

आम्ही वाट बघत राहिलो. समई तडतडली, बाहेर कुणीतरी ढोल तापवत होतं. कळी ना उजवी पडली ना डावी. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. दोन्ही कळ्या ढिम्म. शेवटी तो घाम पुसत वळला. "देवी काय बोलत नाय. तुजा तू बग, असा दिसतो."

यशवंत कपाळाला हात लावून हसला. "म्हंजे देवी पण डॉक्टरसारकीच बोलली!"

बबन पायात चपला सरकवून निघून गेला. मला त्याचा राग आला, हे कबूल करते.

शिमग्याच्या आदल्या मंगळवारी यशवंतचा आकडा तीनला टेकला. इतका सुंदर आकडा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. वर डॉक्टर खूश, खाली मी खूश, आणि बाकावर यशवंत मात्र मान खाली घालून बसलेला. मी न राहवून विचारलं, "काय ठरवलंस?" तो म्हणाला, "ठरत नाय, बाय. सुनंदाकडे बगतो तवा नको वाटता. ढोल ऐकला की पाय ऐकत नाय."

पालखीच्या दिवशी मी गेले, माझे यजमान गेले, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, डॉक्टरही आपली गाडी काढून आले. सहाणेभोवती मुंबईहून आलेले चाकरमानी, बायका, पोरं, सगळं गाव. ढोल सुरू झाला. यशवंत पांढरा सदरा घालून, खांद्यावर घडी केलेला टॉवेल टाकून पुढच्या दांड्याशी आला. त्याच टॉवेलाच्या घडीवर दांडा टेकवायचा असतो. सुनंदा माझ्या शेजारी उभी होती. यशवंतने दांड्याला हात लावून नमस्कार केला. वाकला. आणि तसाच थांबला. ढोलवालेही थबकले.

तेव्हा बबन गर्दीतून पुढे आला. मला वाटलं, झालं, आता खांदा मागतो. त्याने यशवंतच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या खांद्यावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, खांदा तुजाच. हाडां तेवढी माजी घे." मग गावकीच्या म्हाताऱ्यांकडे वळून, "ह्यो टॉवेल यशवंतदादाच्या घरचा हाय. जोवर ह्यो टॉवेल दांड्याखाली हाय तोवर मान त्याचा. कोणाला काय बोलायचा हाय?"

म्हातारे एकमेकांकडे बघून "व्हय म्हाराजा" म्हणाले. पालखी उठली. बबन नाचला आणि काय नाचला! यशवंत पालखीपुढे उलट्या पावलांनी, दोन्ही हात वर करून, ठेका देत चालत होता, आणि त्याच्या तोंडावर हसू आणि पाणी दोन्ही होतं. मी रडले. डॉक्टर मोबाईलवर शूटिंग करत होते, तेही थांबवून नुसते बघत राहिले.

पुढच्या मंगळवारी यशवंत लॅबमध्ये आला तो बबनला ओढतच. "बाय, ह्याचा पण रगत तपासा." मी म्हटलं, याला कशाला, हा ठणठणीत आहे. "नाय, तुमी बगाच," म्हणून त्याने भर बाकासमोर बबनच्या सदऱ्याची गुंडी सोडली आणि खांदा उघडा केला. गोळी न घेणाऱ्या माणसाला पडावा तसा, रुपयाएवढा, फिकट जांभळा डाग होता. बबन लाजून सदरा ओढायला लागला. यशवंतने त्याचा हात बाजूला केला, स्वतःचा खांदा उघडा केला, त्यावर एक ओरखडा नव्हता, आणि मग बबनच्या डागावर बोट ठेवून सगळ्या बाकाला सांगितलं,

"ह्यो डाग माजा हाय."